इलंयबाईची तिसरी हाक

सुई भरून झाली होती. तुळसावहिनीनं पोलक्याची बाही वर सरकवून तोंड माझ्याकडे फिरवलं होतं, कारण टोचताना बघायची तिला अजून भीती. दंड पुसायचा कापूस माझ्या हातात. आणि नेमका तेव्हाच मुजुमदार डॉक्टरांचा फोन वाजला.

"वाजांदे तो," वहिनी म्हणाली. "आदी माका टोचा."

डॉक्टर हसले, पण फोनवरचं नाव बघून हसू मावळलं. ते दाराशी जाऊन बोलले. "हो सर... म्हणजे आत्ता? समोर माणूस बसलाय, सर." मग बराच वेळ नुसतं ऐकत राहिले. परत आले तेव्हा चेहरा असा उतरलेला, की यांच्या घरून काही वाईट कळलं की काय असं मला वाटलं. त्यांनी भरलेल्या सुईवर टोपण बसवलं आणि ती स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवून दिली. टण्ण असा एवढासा आवाज झाला. इतकी वर्षं झाली, पण घरात कुणाच्या हातून चमचा पडला तरी मी अजून दचकून मागं बघते.

"भरलास ती सुई खाली कित्याक ठेवतास?" वहिनीनं विचारलं.

"थांबायला सांगितलंय."

"कवर, किती वेळ?" मी विचारलं. मी डॉक्टरांशी एरवी शुद्ध बोलायची, पण घाबरले की माझी जीभ घरच्या बोलीवर येते.

डॉक्टर हातमोजे काढायला लागले.

मी शालन परब. लशीच्या त्या प्रकल्पात घरोघर फिरायचं काम माझ्याकडे होतं. लोक मला तापाची बाई म्हणत. मी अंगणात दिसले की पोरं आत ओरडायची, "आई गो, ताप इलो!" अशा माझ्या स्वागताला मी सरावले होते. तिलारीच्या खोऱ्यातलं आमचं आमडवणे गाव, चहूबाजूंनी काजूच्या बागा आणि त्यांच्या वर रान. त्या रानातून माकडताप खाली आला. रानात माकड मरून पडलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी पाचोळ्यात उतरतात आणि काजूची बी वेचायला वाकलेल्या माणसाला चावतात. वहिनी माझी शेजारीण; तिचा नवरा महादेव आदल्या हंगामात तसाच गेला. चांगला उंचापुरा माणूस, बोंडं ओढायची आकडी घेऊन बागेत गेला तो तापानं फणफणतच परत आला. मागं राहिली वहिनी, शाळकरी पोर सुगंधा, आणि खंडानं घेतलेली ती बाग. ती बाग पिकली तरच त्यांच्या घरात वर्षभर चूल पेटायची.

हा ताप श्रीमंत देशांत होत नाही. त्यामुळं त्याच्यावरच्या औषधात कुठल्या कंपनीला मिळायचंय काय? म्हणून दूरच्या एका देशाच्या सरकारनं गरीब मुलखांतल्या असल्या रोगांवर संशोधन व्हावं यासाठी पैसा बाजूला काढला होता, आणि त्यातून नवी लस तपासायला मुजुमदार डॉक्टर पुण्याहून आमच्याकडे आले. शाळेची रिकामी खोली त्यांनी घेतली, रंग दिला, फ्रीज आणला. माणूस सालस, पण बोलायला लागला की समजेल ते कठीण करून ठेवणार.

लस तीन सुयांची. आणि त्यातही मेख अशी, की निम्म्या लोकांना खरी लस आणि निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कुप्या दिसायला सारख्या. कुणाला काय गेलं ते मला कळत नसे, डॉक्टरांनाही कळत नसे. ते फक्त तिकडच्या कचेरीत माहीत. तिसरी सुई झाली की रक्त तपासायचं, तिकडचं उत्तर उघडायचं, आणि ज्यांना पाणी गेलं त्यांना खरी लस द्यायची. लस खरी ठरते की नाही हे कळायला असंच करावं लागतं म्हणे. डॉक्टरांनी हे सगळं गावाला समोर बसवून सांगितलं, काही म्हणजे काही लपवलं नाही. लोकांनी ऐकलं आणि बाबलआजो म्हणाले, "म्हणजे निम्म्यांका फसवतलास. बरा आसा."

बाबलआजो आमच्या वाडीतले सगळ्यांत जाणते. ते उठले की सभा उठली. डॉक्टरांचं तोंड पडलेलं मला बघवेना. मी पुढं झाले नि म्हटलं, "आजोबानू, तिन्हीसांजा रानात कोणी नावान हाक मारली तर पयल्या हाकेक ओ देतास?"

"खुळा काय गो तू?" आजो म्हणाले.

आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. रानात हाक आली तर पहिलीला ओ द्यायची नाही, दुसरीलाही नाही. भूतसुद्धा हुबेहूब घरच्याच्या आवाजात हाक मारतं, पण दोनदाच. तिसरी हाक मारायची त्याला ताकद नाही. तिसरी आली की समजायचं, माणूस आहे, आणि मग ओ द्यायची.

"तसाच ह्या," मी म्हटलं. "पयल्या सुयेक कळाचा नाय खरा काय नि खोटा काय. दुसरेक कळाचा नाय. तिसरी झाली काय कळतला."

लोक हसले. आजोसुद्धा हसले. आणि सगळ्यांत पहिलं नाव सांगितलं तुळसावहिनीनं.

डॉक्टरांना ही हाकेची गोष्ट इतकी आवडली की त्यांनी ती तिकडे लिहून पाठवली. पहिल्या सुईच्या दिवशी त्या सरकारच्या खात्यातली एक बाई मुद्दाम गाव बघायला आली. गोरीपान, उन्हानं नाक लाल झालेलं, पायात भलेमोठे बूट. बाबलआजोंनी तिला नाव विचारलं.

"इलेन," ती म्हणाली.

आता आमच्या बोलीत 'इलंय' म्हणजे 'आले मी'. आजो म्हणाले, "इलंस तां बरा झाला. बस. पण नाव काय तुजा?"

"इलेन!"

"गो बाये, इलंस तां दिसता माका. नाव सांग!"

शाळेची खोली हसून हसून पडायची बाकी. डॉक्टरांनी तिला अर्थ सांगितला तेव्हा ती स्वतःही डोळे पुसत हसली. तेव्हापासून ती आमची इलंयबाई. ती फार काही समजल्याचा आव आणायची नाही, हे मला आवडलं. वहिनीच्या घरी जमिनीवर बसून तिनं भाजलेले काजू खाल्ले, महादेवचा फोटो हातात घेऊन बराच वेळ बघत राहिली, आणि आपला नवराही असाच तरणाताठा गेला असं डॉक्टरांकरवी सांगितलं. दोघी एकमेकींची भाषा न कळता रडल्या. निघताना अंगणाच्या कडेला उभी राहून तिनं हाक मारली, "तुलसा!" वहिनी गप्प. "तुलसा!" वहिनी पदर तोंडात कोंबून गप्प. तिसऱ्यांदा "तुलसा!" आल्याबरोबर वहिनी केवढ्यानं तरी "ओ!" म्हणाली. इलंयबाईनं लहान पोरीसारख्या टाळ्या वाजवल्या.

"तिसऱ्या सुईला मी येणार," ती म्हणाली. "उत्तर मीच घेऊन येईन. तुळसाला सांगा, माझी वाट बघ."

वहिनीनं ते शब्द घट्ट धरून ठेवले. तिसरी सुई होईपर्यंत बागेत पाऊल टाकायचं नाही, असं तिनं स्वतःशी ठरवून टाकलं. मोहोर आला, बोंडं धरली, शेजारच्यांनी बाग साफ केली. हिच्या बागेत पाचोळा साचत होता आणि ही अंगणातून तिकडे बघत बसायची. मी म्हणायची, "वैनी, जराशी कळ काड. जवळ इला आता."

आणि तिसऱ्या सुईच्या दिवशी ते असं झालं. ओळीत सगळ्यांत पुढं ती. बाही वर केलेली.

"तिकडचं सरकार बदललं," डॉक्टर शेवटी म्हणाले. ते लोकांशी बोलत होते, पण बघत होते ट्रेकडे. "बाहेरच्या देशांतल्या आरोग्याच्या कामांना दिलेला सगळा पैसा नव्या लोकांनी थांबवलाय. जिथं असाल तिथं काम थांबवा, असा हुकूम आलाय. आपलं एकट्याचं नाही, जगभर."

"सरकार थंयचा बदल्ला," बाबलआजो म्हणाले. "माकडां तर हयचीच मरतत मा?"



वहिनीनं बाही अजून खाली केली नव्हती. ती म्हणाली, "डॉक्टरानू, ती भरलेली आसा. टोचून टाका. कोणाक कळतला?"

"तसं नाही करता येत हो."

"कित्याक?"

"उद्या तुम्हांला काही झालं तर बघायला मागं कुणीच नाही. आजपासून ना तपासणी, ना जबाबदारी घेणारं कुणी. आणि तुळसाबाई, या सुईत काय आहे हे मला तरी कुठं माहीत आहे? नुसतं पाणी असलं तर?"

"पाणी तर पाणी. माका चलात."

"मला नाही चालायचं. माझे हात बांधलेत."

"तुमचे हात बांदले," वहिनी म्हणाली, "आणि माजे पाय कोणी बांदले? माका बागेत जावक होया."

डॉक्टरांचे डोळे भरून आले. खरं सांगते, त्या क्षणी मला त्यांची दया आली नाही. ती सुई ओढून घेऊन आपणच टोचावी असं माझ्या मनात येत होतं. पण आतलं पाणी की लस हे न कळता टोचून करणार काय होते मी? तीच तर सगळी गोम होती. आम्हां सगळ्यांच्या समोर, हाताच्या अंतरावर ती पडली होती आणि तिचा उपयोग आहे की नाही हे सांगणारं माणूस समुद्रापलीकडे होतं.

"इलंयबाय येतली म्हणालली," वहिनी म्हणाली. "तिका इचारा."

"इलेनबाईंची पण नोकरी गेली," डॉक्टर म्हणाले. "त्यांचं सगळं खातंच बंद केलंय."

 मग बाबलआजो उठले. आपल्याच मनाशी बोलल्यासारखे म्हणाले, "दोन हाका मारून गेली म्हणजे..." आणि पुढचं त्यांनी गिळलं. सदऱ्याची वर दुमडलेली बाही सोडून खाली केली, बटण लावलं आणि बाहेर पडले. त्यांच्या मागून एकेकानं बाह्या खाली केल्या. शिवी नाही, आरडाओरडा नाही. पण आजोंनी गिळलेलं वाक्य तिथल्या प्रत्येकाला ऐकू आलं होतं. आणि त्यांच्या तोंडात ती हाकेची गोष्ट मीच तर घातली होती.

दुपारी गाडी येऊन फ्रीज घेऊन गेली. डॉक्टर त्याच गाडीतून गेले. जाताना माझ्या हातावर आपला नंबर देऊन म्हणाले, "शालनताई, काहीही लागलं तर फोन करा." मी मान हलवली.

घरी येताना वहिनी पाणंदीत मधेच थांबली.

"शालन, सांग माका. माज्या आंगात औषद आसा काय पाणी?"

"माका काय म्हायत, वैनी."

"कोणाक म्हायत?"

"थंय. इलंयबायच्या हापिसात."

"माज्या आंगात काय आसा तां माका म्हायत नाय, नि थंय म्हायत?" ती हसली. ते हसणं मला अजिबात आवडलं नाही.

त्यानंतर ती विचित्र वागायला लागली. भाकरी थापता थापता हात थांबायचे आणि मान एका बाजूला व्हायची, कुणी बोलावतंय का ते ऐकल्यासारखी. मी विचारलं तर म्हणायची, "काय नाय गो. आंग कान देवन बसलाहा. दोन ऐकलीत तेना, तिसरेची वाट बगता." मी तिला रागावले, खुळ्यासारखं बोलू नको म्हटलं. रात्री माझ्याच अंगाला कान फुटल्यासारखे वाटायला लागले.

एकदा मी न राहवून डॉक्टरांना फोन लावला. "दोन सुयांवर माणूस बागेत गेला तर चालतं का हो? खरी लस मिळालेली असली असं धरून सांगा."

त्यांनी मला प्रश्न पुन्हा विचारायला लावला. मग म्हणाले, "शालनताई, तेच तर आपण शोधत होतो."

बोंडं पिकून पडायला लागली. बागांतून तो आंबूस गोड वास गावभर पसरला. पडलेली बी वेळेवर वेचली नाही तर काळी पडते, आणि मग तिला विचारतो कोण? वहिनी अंगणातून तो वास घेत होती. घरातले तांदूळ तिला ठाऊक, सुगंधाचं तोंड तिच्यासमोर. एका सकाळी मी त्यांच्या घरी गेले तर सुगंधा एकटी.

"आई खंय?"

"बागेत."

त्याच सकाळी वरच्या व्हाळाशी, म्हणजे ओढ्याशी, मेलेलं माकड सापडल्याची बातमी मी वाडीत ऐकून आले होते. व्हाळ तो वहिनीच्या बागेच्या डोक्यावर. मी चपलासुद्धा न घालता धावले.

बागेच्या तोंडाशी उभी राहून मी हाक मारली, "तुळसावैनी!" काजूच्या झाडांखाली दिवसासुद्धा अंधार असतो, काही दिसेना. "तुळसावैनी गोऽऽ!" वाऱ्यानं पाचोळा सरकला तेवढाच आवाज. तिसरी हाक मी पोटातून मारली. तिसऱ्या हाकेला आमच्याकडे माणूस मरत असला तरी ओ देतो. कुणी ओ दिली नाही. 

आणि मग अगदी जवळच, माझ्या समोरच्या झाडाआड, बोंडापासून बी पिळून काढल्याचा आवाज आला. वहिनी तिथंच होती, वाकून वेचत. हातापायांना गोचिडी चढू नयेत म्हणून चोळायचं तेल लावलेलं, टोपली अर्धी भरलेली.

"बहिरी झालंस? हाका ऐकाक येवक नाय तुका?" माझा जीव परत आल्याबरोबर मी तिच्यावर डाफरले.

"ऐकलंय. तिन्ही ऐकलंय."

"मगे ओ कित्याक देवक नाय?"

ती सरळ उभी राहिली, कमरेवर हात ठेवला. "तिसऱ्या हाकेचो पण भरवसो खंय ऱ्हवलो आता, शालन?"

"वैनी, वरती माकड मेलाहा. चल भायर."

"आणि बी कोण येचतला? इलंयबाय?"

मी तिचा दंड धरून ओढला. तिनं सोडवून घेतला, रागानं नाही, पोराचा हात सोडवतात तसा. "आंगात औषद आसात तर काय होवचा नाय. पाणी आसात तर होतला. घरात बसान तां थोडाच बदालतला? सुगंधाक खावक होया." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू जा. तुज्या आंगात दोन थेंब पाण्याचे पण नाय."

खरंच होतं. कामावरच्या माणसांना त्या तपासणीत घेत नव्हते. पण तिला एकटीला सोडून माझा पाय निघेना. मीही वाकले आणि वेचायला लागले. ऊन कलेपर्यंत दोघी वेचत होतो. ती मधेच महादेवच्या गमती सांगत होती, मी हसत होते. बरं वाटलं तिला. मलाही वाटलं. गोचिडी माझ्याही पायांवर चढल्या असतीलच की, त्यांना कुठं माहीत कोण कुणाची. मला काही झालं नाही.

तिला ताप आला. डोकं ठणकायला लागलं, डोळे लालबुंद. तालुक्याच्या दवाखान्यात तिला ठेवलं, मी शेजारी. आणि काय सांगू, ताप उतरला! ती घरी आली, अंगणात उन्हाला बसली, मला म्हणाली, "बांगड्याचा तिखला कर गो, तोंडाक चव नाय." मी नाचायचीच बाकी होते. डॉक्टरांना फोन करून सांगितलं, "तिच्यात लस होती बघा, लसच होती." त्यांनाही आनंद झाला, पण ते सावध बोलले. म्हणाले, हा ताप काही जणांना सोडून जातो आणि मग परत येतो. दुसऱ्यांदा येतो तेव्हा डोक्यात जातो. लक्ष ठेवा.

म्हणजे त्यालाही दोन हाकांची सवय. मी फोन ठेवला.

तो परत आला. बोलता बोलता वहिनीचा हात थरथरायला लागला आणि सुगंधाला ती महादेव म्हणायला लागली. गोव्याच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथल्या लोकांनी जीव तोडून केलं, मी डोळ्यांनी बघितलंय. पण या तापावर नेमकं औषधच नाही. ते शोधायला पैसा लावणारं कुणी असेल तर पुढं कधी निघेल.

भर दुपारची वेळ. खिडकीतून ऊन थेट पलंगावर आलेलं. वहिनी शांत पडली होती. एकाएकी तिनं मान एका बाजूला केली, तशीच, भाकरी थापताना करायची तशी. ऐकलं. मग पुन्हा पडून राहिली.  थोड्या वेळानं परत मान तशी केली, ऐकलं, आणि ओठ हलवले.

"ओ," ती म्हणाली.

मी तिच्या तोंडावर हात ठेवला. नर्स बघत होती, मला लाज वाटली नाही. "वैनी, ओ देव नको! दोनच झाली गो! तिसरी येवंदे!"

तिनं माझा हात हळूच बाजूला केला. डोळे दाराकडे. तोंडावर अशी ओळख, की मीसुद्धा वळून दाराकडे बघितलं. दारात कुणी नव्हतं.

"इलंय," वहिनी म्हणाली.

आमच्याकडे आतून कुणी बोलावलं की हातातलं काम टाकून उठताना असंच म्हणतात, इलंय, आले हं. ती त्या बाईचं नाव घेत होती की हाकेला उत्तर देत होती, हे मला कधीच कळलेलं नाही. दिवस मावळायच्या आत ती गेली.

यालाही आता बरीच वर्षं झाली. बाबलआजो गेले. डॉक्टर कुठल्यातरी कॉलेजात शिकवतात. सुगंधाचं लग्न वाडीतच झालं आणि ती बाग आता ती नि तिचा नवरा बघतात. मी म्हातारी झाले, पण तिन्हीसांजेला मला कुणी हाक मारलेली खपत नाही. माझ्या नातवंडांना ठाऊक आहे, जवळ येऊन हात लावून सांगतात काय सांगायचं ते.

परवा गावात पुन्हा एक गाडी आली. त्यातून दोन तरुण मुली उतरल्या, डॉक्टरकीचं शिकलेल्या. माकडतापावर नवी लस, नवा पैसा, आता आणखी कुठल्या तरी सरकारचा. गोड होत्या पोरी. पुन्हा निम्म्यांना लस, निम्म्यांना पाणी. गाव दाराआडून बघत होतं, बाहेर येत नव्हतं. कुणीतरी त्यांना सांगितलं, शालनमावशीला बरोबर घ्या, तिचं ऐकतील. मी नको नको म्हणत होते. पण लस खोटी असते असं मी कधीच म्हटलेलं नाही, आजही म्हणत नाही. या रोगावर औषध निघायचं तर कुणीतरी दंड पुढं करायला लागणारच. म्हणून गेले.

पहिलं घर सुगंधाचं. ती अंगणात भांडी घासत होती, बाह्या कोपरापर्यंत वर केलेल्या. मुलींनी सगळं नीट सांगितलं. आमच्या डॉक्टरांपेक्षा चांगलं सांगितलं. सुगंधानं मधे न बोलता ऐकून घेतलं. मग तिनं माझ्याकडे बघितलं.

"मावशे, एक इचारू? माज्या आयेक काय गेलला? औषद काय पाणी?"

इतक्या वर्षांत तिनं हे कधी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "म्हायत नाय गो."

"कोणाक म्हायत आसा?"

"इलंयबायच्या हापिसात आसतला. हापिसच ऱ्हवला नाय."

"ती बाय तरी आसतली मा खंयतरी? तिका इचार. हाक मार तिका."

"मारलंय," मी म्हटलं.

ते खरं होतं. डॉक्टरांकडून मी इंग्रजीत लिहवून घेतलं होतं. तुळसा गावडेला लस होती की पाणी, एवढंच. तिच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी एकदा पाठवलं. सुगंधाच्या लग्नाच्या आधी एकदा. आणि डॉक्टरांनी शोधून त्या बाईचा घरचा पत्ता काढला तेव्हा एकदा. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

"किती येळा मारलंस?" सुगंधानं विचारलं.

"तीन."

राखेचा हात तसाच धरून ती थांबली. त्या दोघी मुली आमच्या तोंडांकडे बघत होत्या, त्यांना काही कळत नव्हतं.

"मगे?"

"ओ नाय," मी म्हटलं. चौथी हाक मारायची रीत आमच्याकडे नाही.

सुगंधानं तांब्यातल्या पाण्यानं हात धुतले, पदराला पुसले. कोपरापर्यंत वर केलेल्या बाह्या, आधी एक, मग दुसरी, तिनं खाली ओढून घेतल्या.

"बसा," ती त्या मुलींना म्हणाली, "चाय ठेवतंय," आणि आत गेली.